कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली? मोठी बसवण्याआधी हे वाचा. डिस्क बाजारात मिळते, डेटा मिळत नाही

परंदवडी (ता. मावळ) : ‘धिस पीसी’ उघडल्यावर सी ड्राइव्हचा पट्टा निळ्याऐवजी लाल दिसतोय, ‘लो डिस्क स्पेस’ असा मेसेज येतोय आणि फाइल सेव्ह करायला गेलं की जागा नाही म्हणून सांगतंय. ऑनलाइन फॉर्म भरणारी दुकानं, दूध संकलन केंद्रं, लग्नाचं शूटिंग करणारे, पतसंस्था, शाळा अशा ठिकाणी जुने डेस्कटॉप अजून रोजच्या कामात आहेत. त्यात ५०० जीबी किंवा त्याहून लहान डिस्क असेल तर ती कधी ना कधी भरणारच. अशा वेळी लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नसते. आतली हार्ड डिस्क मोठी बसवता येते.

बसवायचं काम अर्ध्या तासाचं. चार स्क्रू आणि दोन केबल. खरं काम आहे ते जुन्या डिस्कवरचा हिशोब, फोटो, लोकांची कागदपत्रं सुखरूप दुसरीकडे नेण्याचं. गडबड तिथेच होते. म्हणून पहिल्यापासून क्रमाने बघू.

जागा कमी आहे की कॉम्प्युटर स्लो आहे?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं आहे. कॉम्प्युटर चालू व्हायला पाच मिनिटं लागतात म्हणून मोठी हार्ड डिस्क बसवली तर फार फरक पडत नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर सुईसारखं हेड सरकतं. त्याला वेळ लागतो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. साधारण हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी वाचते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. पण खरा फरक पडतो तो हजारो बारीक फाइल उघडताना.

त्यामुळे स्लो मशीनसाठी चांगला तोडगा म्हणजे विंडोजसाठी लहान एसएसडी आणि फोटो, व्हिडिओ, कागदपत्रांसाठी मोठी हार्ड डिस्क. फक्त जागेचीच अडचण असेल तर आहे त्या डिस्कला जोड म्हणून दुसरी हार्ड डिस्क पुरते.

अजून एक बघा. अनेकांच्या कॉम्प्युटरमध्ये डी ड्राइव्ह मोकळा आणि सी ड्राइव्ह भरलेला असतो. कारण सगळं डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये ठेवायची सवय. ही दोन्ही ठिकाणं सी ड्राइव्हमध्येच असतात. आधी तिथलं सामान डी ड्राइव्हवर नेऊन बघा. कधीकधी एवढ्यावरच काम भागतं आणि खर्च वाचतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. डिस्क बदलली म्हणून जुना कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालेल असं नाही. त्याला प्रोसेसरही नवा लागतो. मशीन फारच जुनं असेल तर खर्च करण्याआधी हा विचार करा.

आपल्या कॅबिनेटमध्ये काय बसेल?

डिस्क आणायला जाण्याआधी झाकण उघडून चार गोष्टी बघायच्या.

१) केबल कुठली आहे? चपटी, बोटभर रुंदीची केबल असेल तर ती साटा. रुंद पट्टीसारखी, ४० पिनांची असेल तर ती जुनी आयडीई. आयडीई मशीनवर आता पैसे घालू नयेत.

२) मदरबोर्डवर साटाची जागा मोकळी आहे का? लहान बोर्डावर दोनच जागा असू शकतात. एक हार्ड डिस्कला, एक डीव्हीडीला. डीव्हीडी वापरात नसेल तर तिची केबल काढून नव्या डिस्कला देता येते.

३) एसएमपीएसची पॉवरची वायर मोकळी आहे का? साटा पॉवरला १५ पिना असतात. जुन्या चार पिनांच्या वायरला जोड देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण अगदी हलक्या प्रतीचे घेऊ नका. ते तापून वितळल्याची उदाहरणं आहेत.

४) डिस्क ठेवायला खण आहे का? मोठ्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कचे दोन-तीन खण असतात. कंपनीच्या छोट्या डब्याच्या डेस्कटॉपमध्ये एकच असू शकतो. मग जुनी काढूनच नवी बसवावी लागते.

खरेदी करताना

डिस्कवर १ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज दाखवतं ९३१ जीबी. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत. त्याच हिशोबाने २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसते.

नवी म्हणून जुनी, साफसूफ केलेली डिस्क विकली जाऊ शकते. तळेगावातून घ्या, पुण्यातून घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. त्या नंबरावरून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासता येते. बसवल्यावर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर लावून ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास पाहिजे. हजारात असेल तर डिस्क परत करा.

गाडीच्या डिकीत डिस्क मोकळी टाकून आणू नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिला दणके बसतात. कंपनीचं पॅकिंग तसंच ठेवा, कपड्यात गुंडाळा आणि पावसाळ्यात आणली तर पिशवी उघडून लगेच चालू करू नका. मावळातल्या दमट हवेत थंड वस्तूवर बाष्प धरतं. तासभर खोलीत राहू द्या.

झाकण उघडण्याआधी बॅकअप

ही पायरी गाळायची नाही. बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, नसेल तर कोणाची तरी मागून आणा.

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळा ‘गुड’ आला तर ठीक. पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ आला तर बाकी सगळं सोडून आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर काढा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं तर जे मिळणार होतं तेही जातं.

कॉपी करताना कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. मध्येच लाइट गेली तर मूळ फाइल जागेवर राहते. कॉपी झाल्यावर जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळवून बघा. जुळली तरच पुढे जायचं.

वेळ किती लागेल? जुन्या यूएसबी २ पोर्टवर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. म्हणजे ४०० जीबीला साडेतीन ते चार तास. बारीक फाइल जास्त असतील तर त्याहून जास्त. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. म्हणून महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट बंदचा दिवस सांगितला असेल तर तो टाळा.

काय काय राहून जातं?

- मराठी फॉन्ट : श्रीलिपी, कृतीदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं, ठराव, पत्रिका युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नव्या विंडोजवर नसेल तर मजकूर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधी बाजूला काढून ठेवा.
- टॅली : डेटाचं फोल्डर कुठे आहे ते बघा आणि त्याची कॉपी घ्या. नवीन विंडोज टाकणार असाल तर आधी लायसन्स सरेंडर करा.
- अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सही : सही टोकनमध्ये असते, डिस्कमध्ये नाही. पण टोकनचा आणि अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, आरडी सर्व्हिस हे नव्या विंडोजवर पुन्हा टाकावं लागतं.
- ब्राउझर : क्रोममधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड.
- बिटलॉकर : विंडोज १० किंवा ११ मध्ये डिस्कला कुलूप असू शकतं. त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

डिस्क बसवायची पद्धत

१) मशीन बंद करा, मागची मुख्य वायर काढा. नंतर पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो.

२) कॅबिनेट अंगणात किंवा ओट्यावर नेऊन मऊ ब्रशने धूळ झाडा. भाताच्या मळणीनंतर आपल्याकडे कॅबिनेटमध्ये भुसाही सापडतो.

३) आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली स्थिर वीज निघून जाते. डिस्क नेहमी कडेला धरा, खालच्या हिरव्या सर्किटला बोट लावू नका.

४) डिस्क खणात सरकवा आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू लावा. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे आणि एसएसडीचे बारीक आट्यांचे असतात. एकाचे दुसऱ्याला जबरदस्तीने लावले तर आटे जातात. एकाच स्क्रूवर डिस्क लोंबकळत ठेवू नका, ती थरथरते.

५) डेटाची आणि पॉवरची केबल लावा. दोन्हींना एल आकाराची खाच असते, उलटी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा.

६) झाकण लावण्याआधी मशीन चालू करून बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का बघा. बायोससाठी सुरुवातीला डिलीट किंवा एफ२ दाबावं लागतं. तिथे साटा मोड जो असेल तो तसाच ठेवा. तो बदलला तर विंडोज सुरूच होत नाही.

बायोसमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही

घाबरायचं कारण नाही. नवी डिस्क कोरी असते, तिची आखणी करावी लागते. स्टार्टवर राइट क्लिक करा, ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘इनिशियलाइज डिस्क’ विचारेल. एमबीआर निवडलं तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, म्हणून डेटाच्या डिस्कला जीपीटी निवडा. मग काळ्या पट्ट्यावर राइट क्लिक करून ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, आणि नाव द्या. इथे एक खबरदारी घ्या, डिस्क ० आणि डिस्क १ चा साइज बघूनच क्लिक करा. चुकून जुन्या डिस्कचा भाग डिलीट केला तर तो असा सहज परत येत नाही.

जुनी काढून नवीच ठेवायची असेल तर

त्याला क्लोन म्हणतात. विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर जातं. सीगेटचं डिस्कविझार्ड आणि वेस्टर्न डिजिटलचं ॲक्रोनिस त्या त्या कंपनीची डिस्क असेल तर फुकट मिळतं. क्लोनझिला कुठल्याही डिस्कला चालतं, पण नवख्याला जड जातं. क्लोन करताना ‘सोर्स’ म्हणजे जुनी आणि ‘टार्गेट’ म्हणजे नवी. हे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून बॅकअपची डिस्क त्या वेळी मशीनपासून काढून ठेवा.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा मशीन चालू करा. सी ड्राइव्ह जुन्याच मापाचा दिसत असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करा. तो पर्याय पुसट दिसत असेल तर मध्ये रिकव्हरीचा भाग आडवा आला आहे. तिथे जाणकाराची मदत घ्या.

जुन्या डिस्कचं काय करायचं?

निदान महिनाभर तिला हात लावू नका. सगळं नीट चाललंय याची खात्री होऊ द्या. नंतरही ती भंगारात देऊ नका. फॉर्म भरणाऱ्यांच्या डिस्कवर गावातल्या लोकांचे आधार, पॅन, बँक पासबुकाचे फोटो असतात. रिसायकल बिनमधून काढलं तरी ते पुसलं जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दुसऱ्याची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर टाकली आहे. चालू डिस्क असेल तर ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्याला काही तास लागतात, पण माहिती खरोखर पुसली जाते. बंद पडलेली असेल तर तबकडीला भोकं पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

मोठी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

मोठी कणगी घेतली म्हणून उंदीर लागत नाही असं होत नाही. उलट धान्य जास्त, तर नुकसानही जास्त. आधी ५०० जीबी जायची भीती होती, आता २ टीबी एकदम जाऊ शकतात. वीज पडते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि डिस्क कधीतरी बंद पडतेच. पेरणीचं सगळं बी आपण एकाच पोत्यात ठेवत नाही. तसंच इथेही. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि अगदी महत्त्वाची तिसरी प्रत दुसऱ्या घरात किंवा ऑनलाइन. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची, कारण कायम जोडलेली असेल तर व्हायरस आणि वीज दोघंही तिथपर्यंत पोहोचतात.

दूध केंद्राने दर पगाराच्या हिशोबाला, स्टुडिओवाल्याने प्रत्येक लग्नानंतर, फॉर्मवाल्याने आठवड्यातून एकदा हे काम वारावर लावून घ्यावं. अर्धा तास लागतो. नवी डिस्क घ्यायला बजेट कमी पडत असेल तर आतली थोडी लहान घ्या, पण बाहेरची घ्यायला विसरू नका.