तळटीप १४ : ब्रफ सुपीरियर

१४. 'ब्रफ' म्हणजे ब्रफ सुपीरियर ही ब्रिटिश मोटारसायकल. जॉर्ज ब्रफ यांनी १९१९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे हा कारखाना काढला; १९४० पर्यंत तेथून जेमतेम तीन हजार गाड्या बाहेर पडल्या. इंजिने जे. ए. पी. किंवा मॅचलेस यांची, गिअरबॉक्सही बाहेरचा. पण निवड आणि जुळणी ब्रफ यांची, आणि गाडीची खरी थोरवी त्यातच आहे. गाडी आधी पूर्ण जोडून पाहत, मग पुन्हा सुटी करून भागांना रंग आणि निकेलचा मुलामा देत व नव्याने जोडत. पुढून गोलसर, झळझळीत निकेलची पेट्रोलची टाकी दुरूनही ओळखू येई. मजकुरातील 'एस. एस. १००' हे मॉडेल १९२४ मध्ये प्रथम दाखवले गेले. आकडा ताशी १०० मैलांचा (सुमारे १६० कि.मी.), तेवढ्या वेगाची लेखी हमी गाडीसोबत मिळे. 'मोटारसायकलींतली रोल्स-रॉइस' हे बिरुद एका नियतकालिकाने दिले, ते ब्रफ यांनी जाहिरातींत मिरवले. टी. ई. लॉरेन्स ('लॉरेन्स ऑफ अरेबिया') यांनी एकामागून एक सात ब्रफ वापरल्या. आठवीची मागणी नोंदवलेली असतानाच १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ त्यांना अपघात झाला. १९ मे रोजी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणारे मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे केलेल्या अभ्यासामुळे ब्रिटिश लष्करातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.