जुवाचा मध्य

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचे जुने घर आहे. त्याच्या पडवीत आढ्याला एक जू टांगलेले असे. शेवटचा बैल गेला, नांगराचा फाळ भंगारात गेला, पण जू राहिले. मी पालघर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. नववीच्या वर्गात तरफेचा धडा आला, की ते जू सायकलला बांधून मी शाळेत नेई. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा मुलांना ते लवकर समजे.

त्या जुवाला तीन खाचा होत्या. नांगराचा लांब दांडा, म्हणजे इसाड, जुवाला ज्या वादीने बांधतात ती वादी सरकू नये म्हणून अशी खाच पाडतात. एक खाच अगदी मध्यावर होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांवर एकेक. मधली खाच जवळजवळ कोरी होती. डावीकडची मात्र घासून घासून बोटासारखी गुळगुळीत झाली होती. मी मुलांना सांगत असे, “सुताराचा अंदाज चुकला. जू मध्यावर बांधले तरच दोन्ही बैलांना सारखा भार येतो. आपल्या आजोबा-पणजोबांना तरफ माहीत नव्हती.” मुले हसत. हा धडा मी बरीच वर्षे असाच शिकवला. तो चुकीचा होता. का चुकीचा होता, ते शोधताना मी जिथवर पोचलो, त्याची ही हकिकत.

आधी साधे गणित पाहू. दोन बैलांच्या मानांमधले अंतर ४८ इंच धरू. वादी मध्यावर बांधली तर दोन्हीकडे २४-२४ इंच राहतात आणि भार निम्मा निम्मा होतो. वादी तीन इंच डावीकडे सरकवली, की डाव्या बैलाची बाजू २१ इंचांची होते, उजव्याची २७. तरफेच्या नियमाने ज्याची बाजू आखूड त्याच्यावर भार जास्त. नांगराची ओढ ४८ किलो असेल, तर डावा बैल २७ किलो ओढतो आणि उजवा २१. म्हणजे चार बोटांहूनही कमी सरकवण्याने सहा किलोंचा फरक पडतो. बैल दिवसभर सावकाश काम करताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ देऊ शकतो. तेव्हा २७० किलोंचा बैल आणि २१० किलोंचा बैल एका जुवाखाली असतील, तर त्यांच्यासाठी बरोबर जागा मध्य नव्हे, ती घासलेली खाचच.

हे गणित जगात ठिकठिकाणी लोकांनी आपापल्या लाकडात मांडले. युरोप-अमेरिकेच्या शेतीत ओढीचे मुख्य जनावर घोडा झाला. घोड्याला बैलासारखे वशिंड नसते. मानेवर आडवे लाकूड ठेवून त्याची पुरी ताकद मिळत नाही. गळा आवळला जातो. म्हणून त्याच्या खांद्यांवर गादीचा पट्टा बसवतात आणि दोन्ही अंगांनी मागे गेलेल्या दोरांनी तो ओढतो. त्यामुळे घोड्यांचे ‘जू’ मानेवरून उतरून पाठीमागे गेले. प्रत्येक घोड्यामागे एक लहान आडवी दांडी, आणि अशा दोन दांड्या ज्या मोठ्या दांडीला अडकतात तिच्या मध्यावर नांगराची कडी. या मोठ्या दांडीला तिकडे ईव्हनर म्हणतात. आपण तिला तोलदांडी म्हणू. स्कॉटलंडमधल्या जेम्स स्मॉल या कारागिराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हलका, दोन घोड्यांनी ओढायचा नांगर घडवला आणि १७८४ साली नांगर व गाड्या यांवर पुस्तकही लिहिले. नांगर आणि जोडी दोन्ही एकाच माणसाला सांभाळता येऊ लागली, ती अशा जुंपणीमुळे.

तोलदांडीची खरी करामत तीन घोडे जुंपताना दिसते. दांडीचे भोक मध्यावर न पाडता एक तृतीयांशावर पाडायचे. आखूड बाजूला दोन घोडे, लांब बाजूला एक. तिघांवर सारखा भार येतो. अशा दांड्या एकमेकींत अडकवत अमेरिकेच्या पश्चिमेकडील गव्हाच्या शेतांत तीस-तीस घोडे-खेचरे एका यंत्राला जुंपली गेली. मधले भोक टोकांच्या रेषेच्या किंचित मागे ठेवले, तर मागे पडलेल्या जनावराचा भार थोडा हलका होतो आणि पुढे धावणाऱ्याचा वाढतो. म्हणजे थकलेल्याला थोडी सवलत लाकूडच देते. माणसाने ओरडायची गरज नाही.

आपल्याकडे घोडा होता, पण शेतात नव्हता. आमच्या किनाऱ्यावर तो आला तो लढाईसाठी. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तो १७३९ च्या जानेवारीत. बाजी भिवराव तिथेच गोळी लागून पडले. त्या फौजेत घोडे होते. पण पावसाळा आला, की भाताच्या खाचरात उतरायचे ते बैलाने नाहीतर रेड्याने. चिखलात दुभंगलेला खूर फाकतो आणि सहज निघतो, घोड्याचा एकसंध खूर रुतून बसतो. शिवाय घोड्याला दाणा लागतो, बैलाचे भाताच्या पेंढ्यावर भागते. घोड्यांची जोडी जुवासारख्या आडव्या दांडीखाली पाहायची, तर ती टांग्यात. १९०३ साली रेल्वे येण्यापूर्वी कालका-शिमल्याच्या घाटात जे टांगे धावत, त्यांत दोन घोड्यांच्या खोगिरांवरून एक लोखंडी दांडी आडवी जात असे आणि टांग्याचा दांडा तिला टांगलेला असे. पण ती दांडी टांग्याचे वजन पेलण्यासाठी होती, चिखलातली ओढ वाटून घेण्यासाठी नव्हे.

मग तीन, सहा, आठ जनावरांची ओढ आपल्याकडे कशी वाटली गेली? देशावर हरळी आणि कुंदा खणून काढण्यासाठी जो मोठा नांगर चाले, त्याला चार-चार, सहा-सहा जोड्या एकामागे एक लागत. किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमिनीत विष भिनते या भीतीने तो सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते. १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीला गेला आणि नांगर खेड्यापाड्यांत पोचला. या नांगराच्या तोंडाशी भोकांची एक पट्टी असते. साखळी कोणत्या भोकात अडकवायची, त्यावर तास किती रुंद आणि किती खोल जाणार हे ठरते. म्हणजे ओढीची रेषा सरकवण्याची सोय नांगरात आली. पण एकामागे एक जुंपलेल्या जोड्यांतला भार सारखा करणारी तोलदांडी मात्र आली नाही. पुढच्या जोडीने अंग चोरले, तर तिचा वाटा मागच्यांवर पडे. नांगराच्या सर्वांत जवळ असते ती धुरेची जोडी. ‘धुरा सांभाळणे’ आणि ‘धुरीण’ हे शब्द आपण सभासमारंभांत वापरतो, ते या जागेवरून आले. भार सारखा ठेवण्यासाठी आपल्याकडे जुवांवर पोरे बसवत. कोणती साखळी सैल पडली ते पाहायचे आणि त्या बैलाला टोचायचे. अमेरिकेत जे काम लाकडाच्या दांडीने केले, ते इथे दहा-बारा वर्षांच्या पोराने केले. मजुरी स्वस्त असेल, तर दांडी शोधायची निकड कोणाला भासणार?

पण जोडीतल्या दोघांमधला भार? तिथे मात्र आपल्याकडे लाकूडच बोलत होते, आणि हे मला एका म्हाताऱ्या माणसाने दाखवले.

पंधराएक वर्षांपूर्वी घराची कौले काढायची होती. मदतीला आलेल्यांबरोबर एक आजोबा आले होते. वय ऐंशीच्या पुढे. जू खाली घेताना त्यांनी त्यावरून हात फिरवला, आणि अंगठा न शोधता त्या घासलेल्या खाचेत टेकवला.

“हे आमच्या बैलाचं,” ते म्हणाले.

मी म्हटले, “बाबा, जू तर आमचं.”

“जू तुमचं. एक बैल तुमचा, एक आमचा. तुमचा डावा, दांडगा. आमचा उजवा, लहान. तुमचे आजोबा वादी आपल्या बैलाकडे सरकवायचे.”

मी त्यांना सुताराच्या चुकीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, मधल्या खाचेत बांधलं असतं तर आमचा बैल पहिल्याच चिखलणीत बसला असता. मग तुमची लावणी कशी झाली असती?”

त्यांच्या प्रश्नात सगळा हिशोब होता. एकेक बैल असलेली दोन घरे पावसाळ्यात एकत्र येत, त्याला आमच्याकडे सावड म्हणत. देशावर बैलांच्या अशा देवघेवीला वारंगुळा हा शब्द आहे. दिवस सारखे वाटले जात: चार दिवस तुमच्या खाचरात, चार आमच्या. पण बैल सारखे नसत. दिवस सारखे आणि भार ऐपतीप्रमाणे, असा तो करार होता आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता. तो त्या खाचेत होता.

मी विचारले, “मग मधली खाच कशाला?”

“ती वेठीची,” ते म्हणाले.

उत्तर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, जमीनदारांसाठी आदिवासी कुळांना वेठ करावी लागे. पहिला पाऊस पडला, की आधी मालकाचे शेत, मग स्वतःचे. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने तो मराठी वाचकांपर्यंत पोचवला. हे सारे मी वाचले होते. पण वेठीत बैलाच्या मानेचे काय झाले, हे माझ्या वाचनात आले नव्हते.

आजोबांनी सांगितले ते थोडक्यात असे. वेठीच्या दिवशी नांगर हाकायला बैलाच्या धन्याऐवजी मालकाचा माणूस असे. दोन बैल म्हणजे एक जोडी, एवढेच तो मोजी. वादी मध्ये बांधायची, तास वेळेत पुरे करायचे. लहान बैल मागे पडे, जू तिरके होई, त्याची मान सोलून निघे. संध्याकाळी बैल घरी आला, की त्याच्या मानेला हळद-तेल लावताना घरातले कोणी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “असे दिवस थोडेच असत,” ते म्हणाले, “म्हणून ती खाच कोरी राहिली.” मग हसून म्हणाले, “आणि नंतर ते दिवसच गेले.”

त्या रात्री मी माझ्या धड्याचा विचार केला. मध्यावर बांधले की न्याय झाला, असे मी मुलांना शिकवत होतो. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी एकच असते ती वाटेकरी सारखे असले तरच. मालकाच्या माणसाचे गणित आणि माझे गणित एकच निघाले. त्याने ते बैलाच्या मानेवर केले, मी फळ्यावर.

पुढे मी कायदाही पाहिला. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. गाडीत किती वजन भरावे, हे त्यांत आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांपुढे गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, हेही आहे. नियम चांगले आहेत आणि त्यांनी अनेक जनावरांचे हाल वाचवले असतील. पण ते मोजतात ओझे आणि तास. दोघांनी मिळून ओढायच्या ओझ्यातला कोणाचा वाटा किती, हे मोजायला कायद्याकडे माप नाही. ते माप शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या हातात होते. सुताराने पाडलेल्या तीन खाचा म्हणजे तीन शक्यता होत्या. कोणती वापरायची ते नांगर धरणाऱ्याने ठरवायचे.

आता आमच्या भागात जू घडवणारा सुतार दिसत नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि जमिनींबरोबर बैलही कमी झाले. चिखलणी पॉवर टिलर करतो. त्याला जोडीदार लागत नाही, म्हणून सावडही लागत नाही. त्याबद्दल मी हळहळणार नाही. वेठीची मधली खाच ज्यांनी पाहिली, त्यांनी जुने दिवस परत यावेत असे कधी म्हटले नाही. ते आजोबाही नाहीत आता.

निवृत्त होण्यापूर्वी दोन वर्षे मला तो धडा पुन्हा शिकवता आला. जू नेले, मुलांकडून मोजून घेतले, गणित करून घेतले आणि विचारले, “उजवा बैल कसा असेल?” मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, लहान असेल. नाहीतर आजारी.” तिने फळ्यापर्यंत यायचीही वाट पाहिली नाही.

पण त्याआधीच्या कितीतरी तुकड्या माझा चुकीचा धडा घेऊन गेल्या. त्यांतले बरेच जण आज तारापूरच्या कारखान्यांत पाळ्या करतात, काहींच्या हाताखाली माणसे आहेत आणि कोणाला कोणते काम द्यायचे हे ते ठरवतात. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी एवढी दुरुस्ती करून घ्यावी: सुतार चुकला नव्हता, मास्तर चुकले होते.