एका संख्येचा निवाडा

श्रोतेहो, ज्यांच्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं एक संख्या टिपून घ्यावी: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव! दोन हा आंकडा बत्तीस वेळां मांडून गुणाकार केला व त्यांत एक मिळविला, म्हणजे ही संख्या येते.

तिची हकीकत इ. स. १६४० पासूनची. फ्रान्समधील तुलूज येथें न्यायालयाचें काम पाहणारा पिएर द फर्मा हा फावल्या वेळचा गणिती; पण त्याचा फावला वेळ इतरांच्या उभ्या आयुष्याहून मोलाचा ठरला. दोन, दोनाचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असें चढत जावें आणि दर पायरीला एक मिळवावा, तर ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात. या साऱ्या मूळ संख्या; एक आणि स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें त्यांस निःशेष भाग जात नाहीं. पुढची पायरी म्हणजे आपण टिपलेली संख्या. तीहि मूळ, व तिच्या पुढच्याहि सर्व मूळच, असा विश्वास फर्मानें पत्रांतून व्यक्त केला. सिद्धता साधलेली नाहीं, हेंहि त्यानें कबूल केलें.

१७२९ च्या डिसेंबरांत गोल्डबाख यानें सेंट पीटर्सबर्ग येथील ऑयलरला पत्र लिहून विचारलें, फर्माचें हें म्हणणें आपणांस ठाऊक आहे काय? ऑयलर तेव्हां अवघा बावीस वर्षांचा. १७३२ मध्यें त्यानें उत्तर जाहीर केलें: या संख्येस ६४१ नें भाग जातो, आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

हा ६४१ आला कोठून? वर्गमूळापर्यंतच्या एकूण एक मूळ संख्यांनीं भागून पाहावयाचें, तर सुमारें साडेसहा हजार भागाकार करावे लागतील. परंतु ऑयलरनें पुढें सिद्ध केलें, कीं हिचा प्रत्येक मूळ भाजक ६४ च्या पटीहून एकानें अधिक असलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पांचव्याच भागाकाराला निकाल!

मला खरें नवल वाटतें तें येथें. हा नियम ज्या प्रमेयांतून निघतो तें प्रमेय फर्माचेंच, आणि तेंहि १६४० मधलेंच. त्याच वर्षीं अशाच युक्तीनें त्यानें दोनाच्या सदतिसाव्या घातांतून एक वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा भाजक हुडकला होता. हत्यार घरांतच होतें. पांच भागाकार करण्याचा न्यायाधीशमहाराजांना कंटाळा आला, कीं कोठें हातचा चुकला, कोण जाणे!

१७९६ मध्यें गौसनें केवळ पट्टी व कंपास यांच्या साह्यानें सतरा बाजूंची सुसम आकृति काढतां येते हें दाखविलें, आणि या मालिकेला भूमितींतहि मान मिळाला. ६५,५३७ च्या पुढें मात्र तींत एकहि मूळ संख्या आजवर सांपडलेली नाहीं. तशी एखादी आहे कीं नाहीं, याचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे.