पेवाचं काय धरलं?

आमच्या घराचा पंचनामा झाला त्या दिवशी मी शाळा बुडवली होती. १९७६ चा उन्हाळा. तलाठी भाऊसाहेब, त्यांच्या बरोबर टेप धरणारे दोघं, आणि मागं गावातली निम्मी पोरं. माळवदाचं घर, पाच खण. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं घर चौरस फुटात मोजत नसत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. लग्न जमवताना सुद्धा 'घर किती खणाचं?' असं विचारत.

भाऊसाहेब बोलत होते आणि लिहीत होते. भिंती पांढऱ्या मातीच्या. सागवानी तुळया इतक्या, दरवाजे इतके, खिडकी एक. अंगणातला निंब एक. विहिरीत निम्मा हिस्सा. वडील शेजारी उभं राहून प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. कागद पुरा होत आला तेव्हा उंबऱ्यात बसलेली आजी म्हणाली,

"भाऊसाहेब, आन् पेवाचं काय धरलं?"

भाऊसाहेब हसले. "आजी, पेव म्हंजे खड्डा. खड्ड्याचं सरकार काय देणार?"

आजी पुढं काही बोलली नाही. पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि आज पन्नासेक वर्षांनीही गेलेला नाही.

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी असं समजावं, की जमिनीत पुरलेला मोठा रांजणच. तोंड एका माणसापुरतं, आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं काड लावायचं, ज्वारी ओतायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. आमचं पेव वाड्याच्या पडवीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या पेवातल्या जुन्या, कुबट वासाच्या ज्वारीवर आमचं घर निघालं होतं. म्हणून आजीला तो खड्डा वाटत नव्हता.

भीमेवर उजनीला धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. साठा ११७ टीएमसी. पाणी माढ्याच्या भिंतीपासून मागं करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरणार होतं आणि आमचं गाव त्या पोटात येत होतं. आज कुणाला वाटेल की गावानं धरणाला विरोध केला असेल. कुरबूर होती, पण बहात्तर साल ज्यांनी पाहिलं त्यांना पाणी नको म्हणवत नव्हतं. खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसं ती. वडील म्हणायचे, "सोलापूर जिल्हा भिजणार आसंल तर कुणाचं तरी गाव बुडणारच की. आपलं बुडतंय, येवढंच." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं की स्वतःची समजूत घालायला, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या वर्षी हलायचं ठरलं. नवी जागा बैलगाडीनं दीड दिवसाच्या वाटेवर, मुरमाड माळावर. सावलीला झाड नाही. एक घरची गाडी, एक मामाची, आणि खेपा मोजक्याच होणार होत्या. त्यामुळं काय न्यायचं आणि काय टाकायचं, याचा निवाडा महिनाभर घरात रोज रात्री चालायचा.

वडिलांचा नियम सरळ होता. "जे तिकडं इकत मिळतंय ते हितंच ऱ्हाऊ द्या." लाकूड महाग, म्हणून आधी लाकूड. माळवद उतरवायचं म्हणजे वरची पांढरी माती फावड्यानं खाली ओढायची. चार पिढ्यांची माती ती, दर पावसाळ्याआधी नवा थर टाकून टाकून हातभर झालेली. आठ दिवस आम्ही खोकत होतो. मग किलचा, मग सरे, मग तुळया. खांब काढले तेव्हा त्यांच्या खालचे दगड तेवढे राहिले. गावभर तेच चाललं होतं. घरं पाण्यानं पडायच्या आधी आम्हीच पाडली.

मोट टाकली. विहिरीवर इंजिन येऊन बरीच वर्षं झाली होती, चामडं वाळून कडक झालं होतं. कणग्या टाकल्या. उखळ जमिनीत रोवलेलं, ते टाकलं. जातं टाकलं, कारण नव्या गावाजवळ गिरणी होती. आणि शेवटी उतरंड आली.

आमच्या घरात दोन उतरंडी होत्या. खाली मोठा डेरा, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी माझ्या डोक्याच्या वर जाणारी मडक्यांची चवड. प्रत्येक मडक्यात काहीतरी असायचं. हुलगा, मटकी, तीळ, राळा, करडई, भोपळ्याच्या बिया. सगळं राखेत कालवून, वर निंबाचा पाला घालून ठेवलेलं. हे खायचं नव्हे, पेरायचं. कुठल्या मडक्यात काय ते फक्त आजीला ठाऊक.

वडील म्हणाले, "आई, गाडीत मडकी फुटत्यात. आन् बी आता दुकानात मिळतंय की. हायब्रीड."

हायब्रीड ज्वारी तोवर गावात मुरली होती. वडिलांचं चुकत होतं असं नाही.

आजीनं वाद घातला नाही. दोन जुनी लुगडी घेतली, त्यांचे तुकडे केले आणि एकेका मडक्यातलं बी एकेका गाठोड्यात बांधलं. गाठींच्या खुणा वेगवेगळ्या ठेवल्या, म्हणजे अंधारातही कळावं. मडकी मात्र राहिली. तिनं ती पालथी केली नाहीत, फोडली नाहीत. पुसून पुन्हा एकावर एक रचली आणि वर झाकणी ठेवली. वर छप्पर नव्हतं. उघड्या आभाळाखाली ती उतरंड उभी होती, आणि आम्ही निघालो.

त्याच्या आदल्या रात्रीची एक गोष्ट मी आजवर फार जणांना सांगितलेली नाही.

आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते. पेटीत कागद होते, मोडीतले. शाईच्या ओळी, मधेच एखादा शिक्का. वडील शाळेत थोडी मोडी शिकले होते, पण विसरले होते. सातबारा, खातेउतारा, नुकसानभरपाईचे कागद वेगळ्या पिशवीत नीट बांधले होतेच. वडील म्हणाले, "वाचाय येत न्हाई ते वाहून कशाला न्यायचं? पेटी घ्या, कागद राहू द्या." पहाटे आंघोळीला पाणी तापवायचं होतं. सरपण गाडीत गेलं होतं. मी चुलवणापुढं बसलो आणि ते कागद एकेक करून आत सारले. जुना कागद फार छान जळतो. मला मजा वाटली होती. अकरा वर्षांचा होतो.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पुण्यात मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो. अक्षरं ओळखू यायला लागली, लोकांच्या घरातली खरेदीखतं, हिशेब, पत्रं वाचता यायला लागली. आमच्या घरचा मात्र एकही कागद माझ्यापुढं आला नाही. त्या पेटीत काय होतं, ते आता मला कुणीच सांगू शकत नाही. रिकामी पेटी आहे. तिच्यात आम्ही बरीच वर्षं स्टोव्हच्या पिना आणि खिळे ठेवत होतो.

नव्या जागेवर पहिलं वर्ष वाईट गेलं. कालव्याचं पाणी अजून कागदावरच होतं. वडिलांनी दुकानातून आणलेलं ज्वारीचं बी मुरमात उगवलं, वीतभर वाढलं आणि वाळलं. आजीनं गाठोडी सोडली. राळा आला नाही. तीळ जेमतेम. पण हुलगा आला. हुलग्याला भारी रान लागत नाही, माळावर, कमी पावसात तो तग धरतो, हे आजीला माहीत होतं. त्या हिवाळ्यात आम्ही हुलग्याचं माडगं प्यालो, शेंगोळे खाल्ले, इतके की पुढं कित्येक वर्षं मला त्याचा वास नको वाटायचा. वडील ताटावर बसले की काही बोलायचे नाहीत. आजीही बोलायची नाही. तिनं एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही.

आणि ज्या लाकडासाठी सगळी गाडी भरली त्याचं काय झालं? पाच खणांचं घर तीन खणांत बसवलं. उरलेल्या तुळया अंगणात पडून होत्या, त्यातल्या दोन वाळवीनं खाल्ल्या. पुढं कालवा आला, ऊस आला, स्लॅबचं घर आलं. तुळया आणि दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ट्रकमध्ये घालून नेले. आमचा कडीकोयंड्याचा दरवाजा आज एखाद्या हॉटेलात शोभेला असेल. नेलेलं सगळं असं संपलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी 'मायनस' झाली. आमच्या भागात हा शब्द लहान पोरालाही कळतो. धरणातलं सुमारे ६३ टीएमसी पाणी मृतसाठा धरतात, पातळी त्याच्या खाली गेली की उणे टक्के मोजायला लागतात. त्या वर्षी ती फारच खाली गेली. पळसदेवचं पाण्यातलं देऊळ उघडं पडलं, लोक गाड्या घेऊन बघायला गेले. मी आमच्या गावाकडं गेलो.

घर सापडलं असं म्हणवत नाही. मारुतीच्या देवळाचं जोतं ओळखू आलं, तिथून पावलं मोजत गेलो, पण दगड सगळीकडं सारखेच. लाकडाचा तुकडा कुठं नव्हता. ते तर आम्हीच नेलं होतं. होत्या त्या खापऱ्या. पाय ठेवीन तिथं खापऱ्या. डेऱ्यांचे काठ, रांजणांचे बूड, झाकण्यांचे तुकडे. तेव्हा कळलं की उतरंड एकट्या आजीनं ठेवली नव्हती. सगळ्या गावानं तेच टाकलं होतं.

मला इनामगाव आठवलं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. तीच घोड पुढं आमच्या भीमेला मिळते. उजनीचं काम चालू होतं त्याच काळात, १९६८ पासून कितीतरी हंगाम, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं तिथं तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव खणत होती. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. त्यांना सापडलं काय? घरांच्या जमिनी, चुली, खापरं, धान्य साठवायचे खड्डे आणि जळून कोळसा झालेले दाणे. त्या दाण्यांत जव होता, आणि हुलगाही होता. तिथली माणसं काय खात होती, कशी राहत होती, हे त्यांनी जपलेल्या वस्तूंपेक्षा त्यांनी मागं टाकलेल्या वस्तूंनीच जास्त सांगितलं. ज्याला आमच्या भाऊसाहेबांनी खड्डा म्हटलं, तसल्या खड्ड्यांची तिथं मोजमापं घेऊन नकाशे काढले.

आता माझा मुलगा शहरात मोठ्या घरात जातोय. त्याच्या घरी खोक्यांची रास लागली आहे. वर्षभर वापरलं नाही ते टाकून द्या, असा त्याचा नियम आहे, आणि त्यात काही गैर नाही. आम्हीही तसंच केलं होतं. मी त्याला एवढंच सांगितलं, की ज्या कागदावरचं तुला वाचता येत नाही, तो टाकायच्या आधी मला दाखव. आणि आईला विचार, तिच्या मते काय न्यायचं.

त्या दिवशी मी एक खापरी उचलली होती. हातात फिरवली, आतल्या बाजूला काळा डाग होता. राखेचा की गाळाचा, कोण जाणे. परत होती तिथं ठेवली. जूनमध्ये पाऊस झाला, पाणी वर आलं.