जागत्या धावपट्टीची डागडुजी

आमच्या कन्हानहून कामठीकडे जाणारा रस्ता उखडला, की मुकादम अर्धा रस्ता अडवतो, एक माणूस लाल-हिरवी झेंडी घेऊन उभा राहतो आणि उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या आळीपाळीने सुटतात. विमानाच्या धावपट्टीला ही सोय नाही. तिची रुंदी अर्धी करता येत नाही. वाटणी करायची ती जागेची नव्हे, वेळेची.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला घड्याळाची ही शिस्त जुनीच. जानेवारी 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाची विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. देशाची पत्रे आपल्या दारात रात्री बदलली जात, आणि शहर झोपलेले असे!

आता धावपट्टीचे काम कसे चालते ते पाहा. ठरलेल्या तासांत जुना थर खरवडायचा, गरम डांबरमिश्रित खडी पसरून दाबायची, ती निवू द्यायची, मध्यरेषा रंगवायची आणि एकही सुटा खडा मागे ठेवायचा नाही. तो इंजिनात गेला तर अनर्थ. दिवसाअखेर नवा थर जेथे संपतो तेथे पायरी राहून चालत नाही. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या थराला शंभरात अर्धा ते एक इतकाच उतार द्यावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कामाची दिशाही अशी धरायची, की बहुतेक विमानांना तो चढ न लागता उतार लागावा. हे वाचून मला या कामगारांविषयी आदर वाटला. आमच्या रस्त्यांच्या ठेकेदारांनी दंडकाचा निम्मा भाग पाळला तरी पुष्कळ.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. छेदापाशी काम काढले, की दोन्ही थांबतात. म्हणून 2019 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस सकाळी 11 ते सायंकाळी 5 विमाने बंद राहिली. पुण्याचे लोहगाव हवाईदलाचे. तेथे ऑक्टोबर 2020 पासून रात्री 8 ते सकाळी 8 काम चालले. तरीही शेवटी 16 ते 29 ऑक्टोबर 2021 हे चौदा दिवस विमानतळ प्रवाशांना पुरता बंद ठेवावा लागला.

नागपूरला 3,200 मीटरची एकच धावपट्टी. 2024 साली तिच्या कामासाठी सकाळी 10 ते सायंकाळी 6 हे तास राखून ठेवले गेले. काम मात्र रखडले, आणि 2025 च्या आरंभी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी त्या दिरंगाईबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. प्रवाशाने आपली दुपार दिली ती डांबरासाठी. डांबर वेळेवर पडले नाही, तरी दुपार गेलीच. दिल्लीच्या इस्पितळात आजारी माणूस असलेल्याला दुपारी दोनचे विमान नव्हते. संध्याकाळच्या विमानाची वाट पाहावी लागे.