पाचूबंदर आणि प्रार्थनेची मराठी

वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर ही ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे. ख्रिस्ती मराठीचा विचार करताना आपण फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’चा गौरव करतो आणि ग्रंथांपाशीच थांबतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, श्रद्धा राहिली. चर्चमधील मिस्सा मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिनमध्येच होत असे. उपासनेची भाषा आणि घरची भाषा यांतील हे अंतर त्यानंतर मिटू लागले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) एकांतातील वाचनालाही सुगम मराठी दिली. तरीही आई ज्या बोलीत मुलाला क्रूसाची खूण शिकवते, त्या बोलीचा इतिहास केवळ ग्रंथसूचीत मावत नाही, असे आम्हांस वाटते.