गडाची निगा, घराची निगा

मंडळी, घर एकदा बांधले की झाले, असे आपण म्हणतो. जुने कारभारी तसे मानीत नसत. शिवछत्रपतींच्या वेळेपासून कारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात गडाच्या निगेचा पाठच आहे. तटाच्या सांध्यांतली झाडे व गवत वरचेवर काढावे. राजवाड्याची भुई उंदीर-विंचवांना थारा मिळणार नाही अशी करावी. केर गडाखाली न टाकता जाळावा, ती राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा.

एवढी काळजी कशाला? तोफेला दाद न देणारा तट पिंपळाच्या मुळीने फुटतो. ओस गडावर जाऊन पाहा ना! तुमच्या भिंतीतले रोप बोटाएवढे आहे तोवरच उपटा. पुढे पहार लागेल.